श्रीनगरला डिसेंबरात सामने: गोव्याच्या मुलांनी अंगात काय घालायचे?

फोंड्याचा_मॅनेजर

नमस्कार मंडळी. आमच्या क्लबचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल संघ डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीनगरला जातो आहे. सहा दिवसांचा मुक्काम, दोन मैत्रीपूर्ण सामने आणि मधल्या दिवसांत सराव. मैदान सिंथेटिक, सामने दुपारी दोनला. एकूण १८ मुले, त्यांत दोन गोलकीपर.

यांतल्या बहुतेकांना गोव्याबाहेरची थंडी माहीतच नाही. पालक आपापल्या परीने जाड स्वेटर आणि जाड मोजे बघायला लागलेत. एकदा पैसे खर्च झाले की मागाहून सांगून उपयोग नाही, म्हणून आधीच विचारतो. जर्सीच्या आत नेमके काय घालायचे? पायात दोन-दोन मोजे चालतात का? हातमोजे, कानटोपी घालून खेळू देतात का? बेंचवरच्या सात मुलांचे काय? प्रत्येकाने काय घ्यावे आणि क्लबने सगळ्यांत मिळून काय घ्यावे, तेही सांगा. खर्चाला मर्यादा आहे.

दुलेरचा_विंगर

पालकांना आजच फोन करा आणि जाड स्वेटर थांबवा. खेळताना त्याचा काहीच उपयोग नाही.

त्या दिवसांत श्रीनगरला दुपारी साधारण ८ ते १० अंश असते, रात्री पारा शून्याखाली जातो. चिल्ला-ए-कलां, म्हणजे तिथली कडाक्याची चाळीस दिवसांची थंडी, २१ डिसेंबरला सुरू होते. तुम्ही त्याच्या आधी जाताय हे चांगले. ८ अंशांत धावणाऱ्या मुलाला थंडी वाजत नाही, पाच-सात मिनिटांत त्याला घाम येतो. थंडी वाजते ती थांबल्यावर, आणि अंग ओले असेल तर फारच लवकर. त्यामुळे सगळा विचार दोनच गोष्टींचा करा: घाम अंगावर राहू द्यायचा नाही, आणि थांबलेल्या मुलाला वारा लागू द्यायचा नाही.

आता आतला थर. आपल्याकडची सवय सुती बनियनची. ते घरी ठेवायचे, पर्यायच नाही. सुती कापड घाम पितो आणि धरून ठेवतो. पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी, साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणजे ओले बनियन अंगातली ऊब अक्षरशः ओढून घेते. जर्सीच्या आत पॉलिएस्टरचा किंवा लोकर मिसळलेला, अंगाला चिकटून बसणारा लांब बाह्यांचा टी-शर्ट हवा. तो सैल असेल तर कामाचा नाही. कातडीला टेकला नाही तर घाम कापडात जातच नाही. बगलेत आणि पाठीच्या खालच्या भागात दोन बोटांनी चिमटीत धरून बघा, कापड जेमतेम सुटले पाहिजे. जाडी कमीच बरी. दुकानात ज्याला 'थर्मल' म्हणून आतून मऊ केसाळ कापड देतात, ते झोपायला उत्तम, खेळायला नको. त्यात मुले वीस मिनिटांत भिजतात.

पायांत घट्ट, पूर्ण लांबीची टाइट्स, वर नेहमीची शॉर्ट्स. सिंथेटिक मैदानावर घसरले की कातडी सोलते, आणि गारठ्यात ते जास्त झोंबते. टाइट्सचा तोही फायदा.

मोजमाप असे धरा. प्रत्येक मुलाला आतले टी-शर्ट ४, टाइट्स २. मुले म्हणतील एक पुरे, पण एका सामन्यातच दोन टी-शर्ट लागतात: वार्म-अपचा भिजलेला बदलून सामन्याचा घालायचा. आणि तिथे धुतलेले कपडे वाळत नाहीत. आपल्याकडे रात्री धुतले की दुपारपर्यंत कडक वाळतात, तो हिशेब तिथे चालत नाही. गारठ्यात बंद खोलीत दोन-दोन दिवस ओलसर राहतात. सहा दिवसांना चार म्हणजे काटकसरच झाली.

शिट्टी

वरचे सगळे बरोबर, पण खरेदीच्या आधी रंग बघा. इथेच संघ अडकतात.

फुटबॉलच्या नियम चारप्रमाणे आतल्या टी-शर्टचा रंग जर्सीच्या बाहीच्या मुख्य रंगाचा हवा, किंवा त्यावरची नक्षी बाहीशी हुबेहूब जुळायला हवी. टाइट्सचा रंग शॉर्ट्सच्या मुख्य रंगाचा किंवा शॉर्ट्सच्या खालच्या काठाचा, आणि संघातल्या जेवढ्यांनी घातल्या असतील त्या सगळ्यांच्या एकाच रंगाच्या. दुकानात गेलात की सगळे काळेच मिळते. तुमची जर्सी पिवळी आणि शॉर्ट्स पांढरी असेल तर काळा संच वाया. मैत्रीपूर्ण सामन्यात रेफ्री कदाचित सोडून देईल, पण त्याच्या भरवशावर १८ मुलांची खरेदी करू नका. सोपा मार्ग सांगतो: या दौऱ्यापुरती काळी शॉर्ट्स करा, ती स्वस्तात होतात, म्हणजे टाइट्सचा प्रश्न मिटला. आणि शक्य असेल तर जर्सी पूर्ण बाह्यांची शिवून घ्या. आतला टी-शर्ट दिसलाच नाही तर रंगाचा वादच नको.

हातमोजे चालतात, मऊ आणि निरुपद्रवी असले की झाले. वर प्लास्टिकची बक्कल किंवा धातूची चेन असलेले नकोत. डोक्यावर काही घातले तर ते काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे, संघात सगळ्यांचे सारखे, डोक्याला घट्ट बसणारे, काहीही लोंबत नसलेले. गोंड्याची कानटोपी खेळताना नाही. कान झाकणारी चार बोटे रुंद काळी पट्टी घ्या. हेडिंगला टोपीसारखी घसरत नाही.

गळ्यात गोल मफलर, ज्याला स्नूड म्हणतात, तो घालून खेळता येत नाही. २०११ मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळाने त्यावर बंदी घातली. मानेला वारा लागतो असे वाटत असेल तर उंच गळ्याचाच आतला टी-शर्ट घ्या.

स्टॉकिंगवर, म्हणजे खेळायच्या लांब मोज्यांवर, टेप गुंडाळणार असाल तर टेपही त्याच रंगाची. पांढरी टेप निळ्या स्टॉकिंगवर दिसली की मुलाला बाहेर काढून ती सोडायला लावतात, आणि परत तपासल्याशिवाय आत घेत नाहीत. तेवढ्यात तो गारठतो.

फोंड्याचा_मॅनेजर

रंगाचे मनातही नव्हते. आमची शॉर्ट्स पांढरीच आहेत, काळी करून घेतो. मोज्यांचे कोणी सांगाल का? सगळे पालक तेच विचारताहेत.

मडगाव_फिजिओ

मोज्यांबद्दल अगदी स्पष्ट सांगते, कारण इथे होणारी चूक दुखापतीपर्यंत जाते.

पाय गरम राहतो तो रक्तामुळे, मोज्यामुळे नाही. मोजा फक्त ती ऊब धरून ठेवतो. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन जाड मोजे कोंबले की बोटे दाबली जातात, रक्त कमी पोहोचते आणि पाय एका मोज्यापेक्षा जास्त गार पडतो. शिवाय बोटांना चेंडूचा अंदाज येत नाही. म्हणून आत एक पातळ, घोट्याच्या वर येणारा लोकरमिश्रित मोजा आणि वर नेहमीचे स्टॉकिंग, एवढेच. बूट घालून उभे राहिल्यावर सगळी बोटे वर-खाली हलवता आली पाहिजेत. हलत नसतील तर आतला मोजा काढा आणि एकट्या स्टॉकिंगवर खेळा. नवे बूट घेणारच असाल तर तेच दोन थर घालून दुकानात जा. स्टॉकिंग प्रत्येकी ४ जोड, आतले मोजे ४ जोड. सामन्याला निघताना कोरडे मोजे घालायचे नाहीत, पिशवीत ठेवायचे आणि मैदानावर घालायचे. बसमधल्या हीटरने पायाला घाम येतो आणि तोच ओलावा पुढे दोन तास बुटात राहतो.

प्लास्टिकच्या पिशव्या मोज्यांवर चढवून बूट घालायची युक्ती कोणीतरी सांगेलच. ओल्या बर्फात उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला ठीक, खेळाडूला नको. घाम आत कोंडतो.

मलमे आणि बाम. पोटऱ्यांना बाम चोळला की गरम वाटते, पण स्नायू गरम होत नाही. कातडीला चुरचुर होते आणि तिथले रक्त वर येते, एवढेच. मुलाला वाटते अंग तापले, म्हणून तो वार्म-अप आखडता घेतो, आणि मांडीमागचा स्नायू पहिल्या धावेतच धरतो. व्हॅसलिन मात्र जरूर न्या. ओठ, गाल, नाकाचा शेंडा आणि कानांच्या पाळ्यांना पातळ हात लावा; त्याने ऊब मिळत नाही, पण कोरड्या वाऱ्याने कातडी फुटायची थांबते. गोलकीपरने हाताच्या तळव्यांना लावू नये, हे सांगायला नकोच.

वार्म-अप २५ ते ३० मिनिटांचा करा, गोव्यात १५ करत असाल तरी. कपडे उतरवायचा क्रम ठरवून द्या. पहिली दहा मिनिटे तिन्ही थर अंगावर: आतला टी-शर्ट, मध्ये फ्लीसचे जॅकेट, वर वारा अडवणारे पातळ विंडचीटर. घामाचा पहिला ओलावा जाणवला की विंडचीटर काढा. शेवटच्या धावा फ्लीसशिवाय. मग ड्रेसिंग रूममध्ये जाऊन टॉवेलने पाठ आणि छाती कोरडी करायची, कोरडा टी-शर्ट, त्यावर जर्सी, आणि फ्लीस पुन्हा अंगावर घेऊनच बाहेर यायचे. वार्म-अप संपल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. रांगेत उभे राहून फोटो काढायचे असतील तर ते वार्म-अपच्या आधी.

हाफ टाइमला तेच. पंधरा मिनिटे मुले बसून राहिली तर स्नायू बरेच थंड होतात, आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीच्या मिनिटांत लचकायची भीती वाढते. पहिल्या तीन मिनिटांत भिजलेले बदलून घ्या, त्यानंतर प्रशिक्षकाचे बोलणे, शेवटची तीन-चार मिनिटे जागच्या जागी गुडघे वर, बाजूच्या उड्या, छोट्या धावा. थर्मासमध्ये कोमट पाणी न्या, लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. थंडीत तहान कळत नाही, पण श्वासातून आणि घामातून पाणी जातच असते. मागितले नाही तरी प्रत्येकाला एक पेला द्यायचा.

कोणाला दमा असेल तर इनहेलर बॅगेत नाही, प्रशिक्षकाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात. डबी गार पडली की फवारा कमजोर येतो. गार कोरड्या हवेत धावल्याने श्वासनलिका आवळतात, म्हणून खेळापूर्वी किती वेळ आधी घ्यायचे ते इथल्या डॉक्टरांकडून लिहूनच घेऊन जा.

एक_नंबर_जर्सी

गोलकीपरचे वेगळे. तो धावत नाही, त्यामुळे त्याला संपूर्ण सामनाभर बेंचवरच्या मुलासारखे सांभाळावे लागते. लांब ट्रॅक पँट त्याला नियमानेच चालते, ती द्या. आतल्या टी-शर्टवर एक पातळ फ्लीस आणि मगच जर्सी. जर्सी एक माप मोठी असावी, म्हणजे हात वर केल्यावर पोट उघडे पडणार नाही.

ग्लोव्ह्जचा लॅटेक्स गारठ्यात कडक होतो आणि चेंडू निसटतो. वार्म-अपपर्यंत ग्लोव्ह्ज जॅकेटच्या आत छातीशी ठेवायचे. घालण्यापूर्वी तळव्यावर कोमट पाण्याचे चार थेंब चोळायचे. लॅटेक्स किंचित ओलसर असला की पकड सर्वांत चांगली. आत पातळ हातमोजा घालायचा असेल तर ग्लोव्ह्ज अर्धे माप मोठे हवेत, नाहीतर बोटांच्या टोकाशी कापड गोळा होते. पोस्टच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा टॉवेल आणि ग्लोव्ह्जची दुसरी जोडी. आणि बॉल मैदानाच्या समोरच्या अर्ध्या भागात असला की उभे राहायचे नाही: पेनल्टी बॉक्सच्या रेषेपर्यंत पुढे-मागे, दर मिनिटाला दोन-तीन उड्या, बोटे उघडझाप. हे सरावातच अंगवळणी पडावे लागते.

जाता जाता चेंडूचे. खोलीत २० अंशांना ०.८ ॲटमॉस्फिअर दाबाने भरलेला चेंडू मैदानावर ५ अंशांत साधारण ०.७ वर येतो. नियमात ०.६ ते १.१ बसते, म्हणजे चालतो, पण मुलांना तो मेलेला वाटतो. पंप आणि दाबमापक मैदानावर घेऊन जा आणि तिथेच भरा.

दुलेरचा_विंगर

बेंचचे राहिले होते. सात मुले, म्हणजे क्लबने सात लांब, गुडघ्याच्या खाली जाणारे कापूस भरलेले कोट घ्यावेत. १८ नकोत. बदली होताना आत जाणाऱ्याचा कोट बाहेर येणाऱ्याला मिळतो, पण ओल्या जर्सीवर नाही: आधी कोरडा टी-शर्ट, मग कोट. हे काम एका माणसाला नेमून द्या, नाहीतर गडबडीत मुलगा तसाच बसतो आणि दहा मिनिटांत ओठ निळे.

हे कोट इथे मिळायला कठीण. श्रीनगरला रविवारी टीआरसीपासून (पर्यटक स्वागत केंद्र) लाल चौकाच्या दिशेने बाजार भरतो, तिथे वापरलेले गरम कोट स्वस्तात मिळतात. तुमचा एखादा रविवार सामन्याआधी येत असेल तर बघा. आतले थर आणि मोजे मात्र तिथल्या भरवशावर ठेवू नका, मापे जुळत नाहीत आणि ते पहिल्या दिवसापासून लागतात.

बेंचवरच्यांना बाजूला वरपासून खालपर्यंत झिप असलेली ट्रॅक पँट द्या. साधी ट्रॅक पँट बुटांवरून निघत नाही. मग मुलगा आधीच ती काढून उघड्या मांड्यांनी वाट बघत बसतो. बसायला फोमचे तुकडे, पायाखाली रबरी मॅट किंवा पुठ्ठ्याची जाड थप्पी. स्टडमधून आणि तळव्यातून गार जमीन पाय गारठवते, जॅकेटने ते थांबत नाही. दर दहा-बारा मिनिटांनी तीन मिनिटे लाइनच्या मागे धावणे सक्तीचे.

बुटांना सिंथेटिकसाठीचे छोटे, पुष्कळ स्टड हवेत. सकाळी सराव असेल तर मैदानावर दव गोठलेले असते. ऊन पडून ते वितळेपर्यंत, म्हणजे दहा-साडेदहापर्यंत, जोरात वळायचे सराव घेऊ नका. ओले बूट हीटरला लावायचे नाहीत, तळवा उकलतो. आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि दर दोन तासांनी बदला. जुनी रद्दी इथूनच न्या.

डिचोलीकर

कांगडी, म्हणजे तिथली निखाऱ्यांची हातशेगडी, देतील ना बेंचवर? मुलांना फेरनमध्ये, त्या लांब काश्मिरी झग्यात, धरून बसवली तर?

मडगाव_फिजिओ

नको. फेरन सैल आणि लोकरीचा असतो, तिथल्या लोकांना ती सांभाळायची लहानपणापासून सवय असते. आपल्या मुलांच्या अंगात पॉलिएस्टर असणार. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. शिवाय गार, बधिर बोटे एकदम निखाऱ्यावर किंवा हीटरवर धरली की नंतर ती लाल होऊन सुजतात आणि भयंकर खाजतात. शून्याच्या वरच्या ओलसर थंडीत हाच त्रास सर्वांत जास्त होतो. बोटे बगलेत धरायची, किंवा हाताच्या कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्यात. चोळायची नाहीत.

आणि हॉटेलवर एक गोष्ट कडक शब्दांत सांगा: झोपताना खोलीत कोळशाची शेगडी, कांगडी किंवा गॅस हीटर पेटता ठेवायचा नाही. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. विजेची गरम चादर किंवा विजेचा हीटर मागा.

मैदानावर लक्ष ठेवायचे ते कुडकुडण्यावर नाही. कुडकुडणारा मुलगा सांगतो तरी. जो एकाएकी गप्प होतो, नाडी बांधताना चाचपडतो, बोलताना जीभ जड येते, त्याला लगेच आत न्या, ओले उतरवा, टोपी घाला, गरम गोड काहीतरी प्यायला द्या आणि त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. त्यानेही तासाभरात बरे वाटले नाही किंवा गुंगी वाढली तर थेट हॉस्पिटल.

फोंड्याचा_मॅनेजर

कांगडीचे लक्षात ठेवतो, शेगडीचे पालकांच्या ग्रुपवर टाकतो. आता खरेदीची यादी तयार: प्रत्येकी टी-शर्ट ४, टाइट्स २, फ्लीस १, विंडचीटर १, आतले मोजे ४ जोड, स्टॉकिंग ४ जोड, पातळ हातमोजे २ जोड, कानपट्टी १, साधी कानटोपी १. क्लबकडून कोट ७, झिपवाल्या पँट ७, फोम आणि मॅट. काही सुटले का?

शिट्टी

प्रत्येकी एक मोठा आणि एक छोटा टॉवेल. ओले कपडे ठेवायला जाड प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकी चार. हातमोजे तळव्याला रबरी ठिपके असलेले घ्या, नाहीतर थ्रो-इन निसटते आणि फाउल थ्रो होतो.

दुलेरचा_विंगर

निघण्यापूर्वी एक सराव पहाटे सहाला पूर्ण वेशात घ्या, वीस मिनिटे, जास्त नाही, नाहीतर मुले उकाड्याने बेजार होतील. शिवण कुठे घासते, शिनगार्ड (नडगीचे कवच) टाइट्सवर घसरतो का, हातमोज्यांनी थ्रो-इन जमते का, हे तेव्हाच कळते. शिनगार्ड घसरत असेल तर टाइट्सच्या आत घाला, वरून स्टॉकिंग.

आगगाडीने जाताय का? मग फ्लीस, टोपी आणि मोजे हातातल्या पिशवीत. दिल्लीला पहाटे फलाटावर उतरताना मोठ्या बॅगा उघडता येत नाहीत, आणि आजारी पडायची सुरुवात तिथेच होते. श्रीनगर समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर आहे, पहिल्या दिवशी थोडी धाप लागेल. पहिला सामना पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवला असेल तर एक दिवस पुढे ढकला.

परत आल्यावर फ्लीस आणि टाइट्स मऊ करणारे द्रावण न घालता धुवा, त्याने घाम शोषायची ताकद जाते. कडक उन्हात पूर्ण वाळवून हवाबंद पिशव्यांत कडुलिंबाच्या सुक्या पानांसकट ठेवा. जूनपर्यंत असेच कपाटात पडले तर पावसात बुरशी येईल.